आकाशक : दैशिक संदेशवहनाचा विकास

बिनतारी संदेशवहनात प्रेषकातील विद्युत् प्रवाहाचे अवकाशात पसरणाऱ्या विद्युत् चुंबकीय तरंगांत रूपांतर करणाऱ्या आणि ग्रहणस्थानी त्याच तरंगांपासून पुन्हा विद्युत् प्रवाह मिळवून देणाऱ्या साधनाला आकाशक किंवा अँटेना म्हणतात. एकच आकाशक ही दोन्ही कामे करू शकतो. ज्या दिशेला तो अधिक प्रारण पाठवितो, त्याच दिशेकडून येणारे तरंग तो अधिक चांगल्या प्रकारे ग्रहण करतो.

एखाद्या प्रेषकातून सर्व दिशांना सारखी पसरणारी ऊर्जा अंतराबरोबर झपाट्याने विरळ होत जाते. अंतर दुप्पट झाले की एकक क्षेत्रफळावर पडणारी ऊर्जा एक-चतुर्थांश होते. यावर दोन उपाय संभवतात : प्रेषकाची शक्ती वाढविणे, किंवा आहे तीच शक्ती इष्ट दिशेला एकवटणे. दुसऱ्या उपायाचा आणखी एक लाभ असा की, इतर दिशांना असलेल्या ग्राहींना व्यत्यय होत नाही आणि म्हणून तीच कंप्रता दुसऱ्या संदेशासाठीही वापरता येते. संदेशवहनास उपयुक्त कंप्रता मर्यादित असल्याने हा लाभ कालांतराने पहिल्याहून महत्त्वाचा ठरला. आकाशकाच्या विकासाचा इतिहास हा मुख्यत्वे दिशेवरील नियंत्रण मिळविण्याचा, मध्यंतरी ते गमावण्याचा आणि पुन्हा निराळ्या मार्गाने मिळविण्याचा इतिहास आहे.

कार्यतत्त्व : संवाहक तारेतून प्रत्यावर्ती प्रवाह वाहू लागला म्हणजे तीमधील विद्युत् भार प्रवेगित होतात आणि तरंग निर्माण होतात. तारेची लांबी तरंगलांबीच्या सुमारे निम्मी असल्यास ती त्या कंप्रतेशी अनुस्पंदित होते व प्रारण कार्यक्षम रीतीने घडते. यास अर्धतरंग द्विध्रुव म्हणतात. अशा अनेक द्विध्रुवांची रचना केल्यास त्यांच्यापासून निघणारे तरंग काही दिशांना समान कलेत येऊन परस्परांना पुष्टी देतात, तर काही दिशांना विरुद्ध कलेत येऊन परस्परांचा नाश करतात. परिणामी ऊर्जा ठराविक दिशेच्या शलाकेत एकवटते. शलाका किती अरुंद होईल हे आकाशकाच्या केवळ आकारमानावर नव्हे, तर ते आकारमान तरंगलांबीच्या किती पट आहे यावर अवलंबून असते. १० सेंमी. तरंगलांबीला १ मी. व्यासाचा परावर्तक जे कार्य करतो, त्यासाठी १ किमी. तरंगलांबीला १० किमी. व्यासाचा परावर्तक लागेल. पुढील इतिहासातील बहुतेक वळणांचे मूळ या एका गुणोत्तरात आहे.

प्रारंभीचे प्रयोग : जर्मन भौतिकीविज्ञ हाइन्रिख हर्ट्‌झ यांनी कार्ल्सरूए येथे १८८७-८८ मध्ये विद्युत् चुंबकीय तरंगांचे अस्तित्व प्रयोगाने सिद्ध केले. ठिणगी पडणाऱ्या फटीच्या दोन्ही बाजूंस जोडलेले संवाहक हा त्यांचा प्रेषक आकाशक होता व लहानशी फट ठेवलेले तारेचे वेटोळे हा ग्राही. नंतरच्या प्रयोगांत त्यांनी जस्ताच्या पत्र्यांना अन्वस्ताचा आकार देऊन सुमारे २ मी. उंचीचे परावर्तक बनविले आणि ६६ सेंमी. तरंगलांबीचे तरंग प्रकाशाप्रमाणे एका दिशेला पाठवून दाखविले. दैशिक आकाशक अशा रीतीने बिनतारी विज्ञानाच्या जन्माबरोबरच अस्तित्वात आला होता.

कलकत्ता येथे जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ पासून याहून पुष्कळ लहान, काही मिलिमीटर लांबीच्या तरंगांवर संशोधन केले. तरंग गोळा करण्यासाठी त्यांनी नळीच्या तोंडाशी रुंद होत जाणारे धातूचे नरसाळे वापरले. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८९७ साली त्यांनी आपली उपकरणे दाखविली. त्यांचा हेतू तरंगांचे परावर्तन, प्रणमन व ध्रुवण अभ्यासण्याचा होता. दूरवर संदेश पाठविण्याच्या प्रयत्नांत त्या काळी या नरसाळ्याचा उपयोग झाला नाही. पुढे सु. चाळीस वर्षांनी सूक्ष्मतरंगांच्या तंत्रविद्येत शृंगाकृती आकाशक म्हणून त्याच प्रकारची रचना रूढ झाली.

दीर्घ तरंगांचा काळ : इटालियन संशोधक गूल्येल्मो मार्कोनी यांना १८९५ मध्ये असे आढळले की, प्रेषकाचे एक टोक उंच तारेला व दुसरे जमिनीला जोडल्यास संदेश पुष्कळ दूर जातो. तार जितकी उंच तितकी तरंगलांबी मोठी व पल्ला अधिक, या अनुभवाने पुढील पंचवीस वर्षांची दिशा ठरली. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील पोल्डू येथे उभारलेले डोलकाठ्यांचे वर्तुळ सप्टेंबर १९०१ मधील वादळात कोसळले. त्याऐवजी दोन खांबांमध्ये पंख्यासारख्या ताणलेल्या तारांचा आकाशक घाईने उभा करण्यात आला. त्यापासून निघालेले संदेश १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यू फाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे, पतंगाने उचललेल्या तारेच्या साहाय्याने ऐकल्याचे मार्कोनी यांनी जाहीर केले. दिवसाउजेडी त्या तरंगलांबीचा संदेश अटलांटिक ओलांडून ऐकू येणे कितपत शक्य होते, याविषयी काही संशोधकांनी पुढे शंका घेतली आहे. तथापि महासागर ओलांडणारे बिनतारी संदेशवहन हे व्यावहारिक उद्दिष्ट मानले जाऊ लागले, ते या घटनेपासून.

पल्ला मिळाला, पण दिशा गेली. कित्येक किलोमीटर लांबीच्या तरंगांसाठी परावर्तक बांधणे अशक्य होते. त्यामुळे शक्ती आणि आकारमान वाढवीत राहणे एवढाच मार्ग उरला. स्वीडनमधील ग्रिमेटन येथील १९२४ साली पूर्ण झालेले केंद्र हे या परंपरेचे टिकून राहिलेले उदाहरण आहे. तेथे १२७ मी. उंचीचे सहा मनोरे असून १७.२ किलोहर्ट्‌झ कंप्रतेवर, म्हणजे सु. १७.४ किमी. तरंगलांबीवर प्रेषण होत असे. २००४ मध्ये या केंद्राचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला.

याच काळात एक निराळा विचार पुढे आला होता. स्ट्रॅस्बर्ग येथे फेर्डिनांट ब्राउन यांनी १९०५ मध्ये तीन उभे आकाशक त्रिकोणात उभारले आणि त्यांतील प्रवाहांच्या कलांत फरक ठेवला. त्यामुळे एका बाजूस प्रारण वाढले व विरुद्ध बाजूस घटले. कोणत्या आकाशकाचा प्रवाह मागे ठेवायचा हे बदलले की, काहीही न हलविता दिशा बदलता येत होती. १९०९ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक ब्राउन व मार्कोनी यांना विभागून मिळाले. परंतु कलेच्या साहाय्याने दिशा वळविण्याची ही कल्पना प्रत्यक्षात सर्रास वापरली जाण्यास अर्धे शतक लागले, कारण कलांचे सूक्ष्म व जलद नियंत्रण करणारी साधने तेव्हा नव्हती.

लघुतरंग व खडकी-दौंड केंद्रे : सु. २०० मी.हून कमी लांबीचे तरंग निरुपयोगी समजून हौशी प्रेषकांसाठी सोडून देण्यात आले होते. १९२१-२३ या काळात हौशी प्रेषकांनीच या तरंगांनी अल्प शक्तीत अटलांटिक ओलांडता येतो हे दाखवून दिले. हे तरंग वातावरणातील आयनांबराकडून परत वळविले जाऊन दूरवर पोहोचतात. तरंगलांबी लहान झाल्याने दैशिक आकाशक पुन्हा आवाक्यात आला. मार्कोनी कंपनीतील अभियंते सी. एस. फ्रँक्लिन यांनी उंच खांबांमध्ये उभ्या तारांचा पडदा टांगून त्या सर्व तारांना समान कलेत प्रवाह पुरविण्याची व मागे परावर्तक तारांचा दुसरा पडदा ठेवण्याची पद्धत सिद्ध केली.

ब्रिटिश सरकारने १९२४ मध्ये ही शलाका पद्धत साम्राज्यातील देश जोडण्यासाठी स्वीकारली. १९२६ मध्ये कॅनडाशी व १९२७ मध्ये ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि हिंदुस्थान यांच्याशी सेवा सुरू झाली. हिंदुस्थानचे प्रेषण केंद्र पुण्याजवळ खडकी येथे आणि ग्रहण केंद्र दौंड येथे होते. प्रबळ प्रेषकाचा नाजूक ग्राहीला उपद्रव होऊ नये म्हणून ही केंद्रे परस्परांपासून दूर ठेवीत. इंग्लंडच्या बाजूची जोडकेंद्रे ग्रिम्झबी व स्केगनेस यांच्या परिसरात होती. ७,००० किमी.पेक्षा अधिक अंतरावरील हे संदेशवहन दीर्घ तरंगांच्या केंद्रांहून पुष्कळच कमी शक्तीत होई.

त्याचे आर्थिक परिणाम तत्काळ दिसून आले. समुद्रतळावरील केबलींपेक्षा शलाका सेवा स्वस्त पडू लागल्याने केबल कंपन्यांचे व्यवहार घटले. केबली युद्धकाळात अधिक सुरक्षित मानल्या जात असल्याने त्या बुडू देणे ब्रिटिश सरकारला परवडणारे नव्हते. १९२८ च्या साम्राज्य परिषदेनंतर केबल व बिनतारी या दोन्ही व्यवसायांचे १९२९ मध्ये एकत्रीकरण घडवून आणण्यात आले. खांबांमध्ये टांगलेल्या तारांच्या विशिष्ट मांडणीने जगभर पसरलेल्या केबल व्यवसायाची घडी अशा रीतीने दोन-तीन वर्षांत बदलली.

यागी-उदा आकाशक : जपानमधील सेंदाई येथील तोहोकू इंपीरियल विद्यापीठात शिंतारो उदा यांनी प्राध्यापक हिदेत्सुगू यागी यांच्या विभागात १९२६ च्या सुमारास एक साधी रचना शोधून काढली. तीत केवळ एका द्विध्रुवाला प्रवाह पुरविला जातो. त्याच्या मागे किंचित लांब व पुढे किंचित आखूड दांड्या समांतर बसवितात. या दांड्यांना कोणतीही जोडणी नसते. द्विध्रुवाच्या तरंगांमुळे त्यांत प्रवर्तित होणाऱ्या प्रवाहांची कला दांड्यांच्या लांबीमुळे अशी होते की, मागची दांडी परावर्तकाचे व पुढच्या दांड्या मार्गदर्शकाचे कार्य करतात. प्रयोगांचा मुख्य भार उदा यांनी उचलला होता. परंतु १९२८ मधील इंग्रजी निबंध यागी यांच्या एकट्याच्या नावाने प्रसिद्ध झाल्याने पाश्चात्त्य देशांत यागी आकाशक हेच नाव रूढ झाले. त्या निबंधात उदा यांच्या कार्याचा उल्लेख होता, तरीही नावातील ही उणीव सावकाश व अपुरीच भरून निघाली.

या रचनेकडे जपानी सैन्याने दुर्लक्ष केले. १९४२ मध्ये सिंगापूर काबीज केल्यावर जपान्यांना एका ब्रिटिश रडार तंत्रज्ञाची टिपणवही सापडली. तीत वारंवार आलेला ‘यागी’ हा शब्द त्यांना उलगडेना. युद्धकैद्याला विचारता तो आकाशक शोधणाऱ्या जपानी प्राध्यापकाचेच नाव असल्याचे कळले. युद्धानंतर हा आकाशक दूरचित्रवाणीमुळे घरोघर पोहोचला. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाल्यावर महाराष्ट्रातील शहरांच्या गच्च्यांवर व छपरांवर दिसू लागलेल्या आडव्या दांड्यांच्या अँटेना बहुतांशी याच जातीच्या होत्या.

अन्वस्त परावर्तक व अवकाश संदेशवहन : बर्मिंगहॅम विद्यापीठात १९४० मध्ये जॉन रँडल व हॅरी बूट यांनी तयार केलेल्या कोटर मॅग्नेट्रॉनमुळे सु. १० सेंमी. लांबीचे प्रबळ तरंग मिळू लागले. त्यामुळे विमानात मावेल अशा लहान परावर्तकानेही अरुंद शलाका मिळविता आली आणि हर्ट्‌झ यांचा अन्वस्त रडारच्या रूपाने परत आला. शांततेच्या काळात हीच तंत्रविद्या सूक्ष्मतरंग दुवे, रेडिओ ज्योतिषशास्त्र व उपग्रह यांच्या उपयोगी पडली.

संवेदनशील आकाशक कधीकधी अपेक्षेबाहेरचे शोध घडवितो. बेल प्रयोगशाळेतील कार्ल जान्स्की लघुतरंग दूरध्वनीत येणाऱ्या खरखरीचा उगम फिरत्या आकाशकाने शोधीत होते. ती आकाशगंगेच्या मध्याकडून येते असे त्यांना आढळले व १९३३ मध्ये त्यांनी ते जाहीर केले. त्याच संस्थेच्या होमडेल येथील शृंगाकृती आकाशकाने आर्नो पेंझिअस व रॉबर्ट विल्सन यांना १९६४-६५ मध्ये सर्व दिशांकडून सारखेच येणारे, विश्वाच्या आरंभकाळापासून उरलेले प्रारण आढळले. १९७८ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

भारतात पुणे जिल्ह्यातील आर्वी येथे १९७० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत सु. ३० मी. व्यासाच्या आकाशकाचे भूकेंद्र उभारण्यात आले आणि विक्रम साराभाई यांचे नाव त्यास देण्यात आले. ग्रहणासाठी वापरल्या जाणाऱ्या ४ गिगॅहर्ट्‌झच्या आसपासच्या कंप्रतेला तरंगलांबी ७.५ सेंमी. असल्याने असा व्यास तरंगलांबीच्या सु. ४०० पट होतो आणि शलाकेची रुंदी अंशाच्या एक-पंचमांशाहूनही कमी भरते. ३६,००० किमी. अंतरावरील उपग्रहाकडून येणारा अतिक्षीण संदेश पकडण्यास त्या काळी एवढा प्रचंड आकाशक आवश्यक होता.

उलट मार्गही चोखाळण्यात आला. १९७५-७६ मधील ‘साइट’ या शैक्षणिक प्रयोगात एटीएस-६ या अमेरिकन उपग्रहावरच ९.१४ मी. व्यासाचा उलगडणारा आकाशक बसविलेला होता. त्यामुळे आंध्र प्रदेश, ओरिसा, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश व राजस्थान या सहा राज्यांतील सु. २,४०० खेड्यांत खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीचे ३ मी. व्यासाचे साधे आकाशक पुरेसे झाले. अवजड व खर्चिक भाग आकाशात एकदाच ठेवावयाचा आणि खेड्यातील साधन स्वस्त राखावयाचे, हे या योजनेचे मर्म होते.

जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत ४५ मी. व्यासाचे ३० आकाशक आहेत. परावर्तक पृष्ठ पत्र्याचे न करता ताणलेल्या पोलादी दोरांना जोडलेल्या बारीक तारेच्या जाळीचे केल्याने वजन, वाऱ्याचा दाब व खर्च ही तिन्ही कमी झाली. मीटर लांबीच्या तरंगांना जाळीतील छिद्रे भासत नाहीत. चौदा आकाशक मध्यवर्ती भागात असून उरलेले सोळा तीन भुजांवर आहेत. त्यांचे संदेश योग्य कलेत एकत्र केले म्हणजे सु. २५ किमी. विस्ताराच्या एकाच दुर्बिणीइतका सूक्ष्म तपशील मिळतो.

कला-नियंत्रित व अनुयोजी व्यूह : मोठा अन्वस्त परावर्तक वळविण्यास वेळ लागतो. वेगवान विमाने व क्षेपणास्त्रे यांच्यावर एकाच वेळी लक्ष ठेवण्यासाठी १९५० नंतर ब्राउन यांची कल्पना पुन्हा पुढे आली. शेकडो किंवा हजारो लहान आकाशकांच्या व्यूहातील प्रत्येकाची कला इलेक्ट्रॉनीय रीतीने बदलल्यास यंत्रणा स्थिर राहूनही शलाका सेकंदाच्या अत्यल्प भागात वळविता येते. अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यातील एग्लिन येथील एफपीएस-८५ हे १९६९ मध्ये कार्यान्वित झालेले रडार या प्रकारचे होते.

यापुढची पायरी म्हणजे शलाकेचा आकार परिस्थितीनुसार आपोआप ठरविणे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील बर्नार्ड विड्रो व त्यांचे सहकारी यांनी १९६७ मध्ये अनुयोजी आकाशकाची पद्धत मांडली. तीत प्रत्येक घटकाकडून आलेल्या संदेशाला द्यावयाचे महत्त्व व कला गणिताने सतत सुधारली जातात. इष्ट दिशेकडील संदेश वाढतो आणि व्यत्यय आणणाऱ्या दिशेला ग्रहण जवळजवळ शून्य होते. आकाशकाची दिशा आता धातूच्या आकाराप्रमाणेच गणनेनेही ठरू लागली.

बहुमार्गी प्रसारणाचा उपयोग : शहरात तरंग इमारतींवर आदळून अनेक वाटांनी ग्राहीपर्यंत येतात. हे प्रतिध्वनी परस्परांत मिसळून संदेश बिघडवितात, म्हणून अभियंते दीर्घकाळ त्यांना दोष मानीत. पुण्यात जन्मलेले व तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले स्टॅनफर्डचे प्राध्यापक टॉमस कैलाथ आणि भारतीय नौदलासाठी सोनार विकसित केलेले आरोग्यस्वामी पॉलराज यांना १९९४ मध्ये मिळालेल्या अमेरिकन एकस्वात हा दोष उपयोगात आणण्याचा मार्ग होता. प्रेषकाच्या दोन आकाशकांतून एकाच कंप्रतेवर दोन निराळे संदेश पाठविले, तर ग्राहीच्या दोन आकाशकांना त्यांची दोन भिन्न मिश्रणे मिळतात. वाटा पुरेशा भिन्न असल्यास दोन अज्ञातांची दोन समीकरणे सोडवावीत त्याप्रमाणे दोन्ही संदेश वेगळे करता येतात. अधिक कंप्रता न वापरता संदेशवहनाची क्षमता अशा रीतीने वाढते. जेरार्ड फॉशिनी यांनी बेल प्रयोगशाळेत १९९६ मध्ये या तत्त्वाचा विस्तार मांडला. २००९ च्या बिनतारी संगणकजाल मानकात व चौथ्या पिढीच्या भ्रमणध्वनी पद्धतीत ते अंतर्भूत झाले.

टॉमस मार्झेटा यांनी २०१० मध्ये केंद्रावर शेकडो आकाशक ठेवून एकाच कंप्रतेवर अनेक ग्राहकांना स्वतंत्र शलाका देण्याची पद्धत सुचविली. पाचव्या पिढीच्या भ्रमणध्वनी सेवेत, जी भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, या विचाराचा उपयोग केलेला आहे. ३.५ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतेला अर्धी तरंगलांबी सु. ४.३ सेंमी. असल्याने ६४ घटकांचा चौरस व्यूह सु. ३५ सेंमी. बाजूच्या फलकात मावतो. २४ गिगॅहर्ट्‌झहून अधिक कंप्रतांचाही वापर होऊ लागला आहे. बोस यांनी अभ्यासलेल्या तरंगांच्या टापूतच संदेशवहन अशा रीतीने पुन्हा येऊन पोहोचले.

मर्यादा : गणनेने दिशा देता येत असली, तरी काही मर्यादा ओलांडता येत नाहीत. तरंगलांबीच्या मानाने अतिशय लहान आकाशक कंप्रतेच्या अरुंद पट्ट्यातच कार्यक्षम राहतो, हे हॅरल्ड व्हीलर व लान चू यांनी १९४७-४८ मध्ये दाखविले. मिलिमीटर लांबीचे तरंग भिंती, झाडोरा व मनुष्यदेह यांनी अडविले जातात. त्यासाठी केंद्रे जवळजवळ उभारावी लागतात आणि विरळ वस्तीच्या प्रदेशात ते परवडत नाही. अनेक घटकांच्या व्यूहाला वीजही अधिक लागते. अल्प खर्चात दूरच्या खेड्यापर्यंत पोहोचण्याचा जो प्रश्न १९७५ मध्ये तारेच्या जाळीच्या आकाशकाने हाताळला, त्याला केवळ कंप्रता किंवा घटकांची संख्या वाढवून उत्तर मिळत नाही. कोणत्या ठिकाणी, कोणत्या तरंगलांबीसाठी व किती खर्चात दिशा मिळवावयाची, याचा निर्णय प्रत्येक योजनेत स्वतंत्रपणे करावा लागतो.